ओहोटी लागली की ये

परितोष गायेनला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो मांडीपर्यंत चिखलात रुतला होता आणि हातात एक छापील कागद धरून चक्क नदीशी भांडत होता.

"यात लिहिलंय, आत्ता भरती पूर्ण भरलेली असणार!"

"कागदावर भरली असेल," मी सुकाणावरून ओरडले. "तो कागद खालच्या बंदराचा आहे बाबू. तिथलं पाणी वळणं घेत घेत आमच्या घाटाला पोचायला दुपार होते. वारा फिरला तर तेही सांगता येत नाही."

"मग मी काय करू?"

"माझा हात धरा. आणि चपलांची आशा सोडा."

त्याने हात धरला... आणि काठावर आल्यावरही सोडायला जरा उशीरच केला. मीही ओढून घेतला नाही, खोटं कशाला बोलू!

बाबांचा गुडघा दुखावल्यापासून आमची इंजिनाची होडी, भुटभुटी, मीच चालवते. विद्याधरी नदीच्या या काठावरून त्या काठावर, दिवसभर. परितोषला नेमलं होतं घाटाच्या वरच्या अंगाला, बांधातल्या उघाडीवर. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून झडप पाडायची, ओहोटीला उचलायची, एवढंच काम. पण या ना त्या निमित्ताने तो रोज माझ्या होडीत असायचाच.

"पलीकडे काय काम आहे रोज?"

"मुडी आणायची. चहाबरोबर कुरमुरे लागतात मला."

"मुडी या काठावर मिळत नाही?"

"मिळते... पण ती कुरकुरीत नसते."

पावसाळाभर असं चाललं. 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो बघायचा सरळ माझ्याकडे, आणि मी बघायचे पाण्याकडे. सगळ्या घाटासमोर त्याच्याकडे बघायचं म्हणजे... छे! दुसऱ्या दिवशी बायकांच्या तोंडी मीच असते.

आणि मग आश्विनात ती आली. ऐंद्रिला सेनगुप्ता. कोलकात्याची. डोळ्यांवर काळा चष्मा, केस कानापर्यंत कापलेले, बरोबर पांढरी लाँच. आमच्या नदीची भरती छापील वेळेला का येत नाही, हे शोधायला आली होती म्हणे. त्यासाठी उघाडीजवळ आकडे लिहिलेली उंच पट्टी रोवली आणि त्या पट्टीवरचं पाणी बघायला मदतनीस म्हणून निवडलं कुणाला? आमच्या परितोषला!

रोज सकाळी दोघं माझ्या घाटावरून, माझ्या नाकासमोरून, एका छत्रीत जायची. ती हसायची. तो हसायचा. पाणी मोजताना एवढं हसण्यासारखं काय असतं, मला अजून कळलेलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा त्यांच्याकडे बघता बघता मी होडी घाटाच्या खांबाला थडकवली.

"पारुल, लक्ष कुठे आहे?" बाबा ओरडले.

"धारेवर आहे!"

"धार काठावर चालत नाही पोरी."

असा महिना गेला. मग एका संध्याकाळी परितोष एकटाच घाटावर आला. चेहरा उतरलेला.

"ऐंद्रिलादी लाँचवर काम देतेय. खालच्या सगळ्या घाटांवर अशाच पट्ट्या लावायच्यात. वर्षभर तरी परत येणं नाही. लाँच उद्या सुटतेय... मी काय करू?"

"मला कशाला विचारतोस? तुझ्या दीदीला विचार."

"पारुल—"

"छत्री मोठी आहे तिची. मावशील."

तो जायला वळला, पुन्हा फिरला. मग म्हणाला, "उद्या ओहोटी लागली की उघाडीपाशी ये. आलीस तर मी जाणार नाही. नाही आलीस तर... समजेन."

"बघू," मी म्हणाले. मेल्या जिभेला दुसरं काही सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच न्हाऊन मी हिरवी साडी नेसले. वारा दक्षिणेचा होता, पाणी तुडुंब. होडीत बसून मी घाटाला बांधलेल्या होड्यांकडे बघत राहिले. भरती असली की त्यांची तोंडं समुद्राकडे. धार फिरली की होड्याही फिरतात, आणि मग आम्ही म्हणतो, ओहोटी लागली. इंजिनावर हात तयार होता, पण त्याआधी जायचं नाही असं ठरवलं होतं. आधी गेले तर त्याला वाटेल, ही तर तयारच बसली होती!

शेवटी एकदाच्या होड्या फिरल्या. मी इंजिन सुरू केलं, तर होडीत माणसं येऊन बसलेली, त्यात बदकांची टोपली घेतलेली एक काकू.

"जरा वरून वळसा घेऊन जाऊ," मी म्हणाले.

"वरून? अगं, माझं घर समोर दिसतंय!"

"मग बघत बसा काकू, कुठे जात नाही ते."

वळणाशी पोचले, तर काय! उघाडीपाशी कुणी नव्हतं. पांढरी लाँच समोरून येत होती, तिच्या कठड्याशी परितोष, आणि त्याच्या खांद्यावर... तिचा हात! मी होडी सरळ लाँचच्या आडवी घातली. भोंगा वाजला, बदकं ओरडली, काकू बदकांपेक्षा मोठ्याने ओरडली. लाँच कशीबशी थांबली.

"खोटारड्या!" मी म्हणाले. "ओहोटी लागली की ये, म्हणाला होतास ना?"

"लागून किती वेळ झाला!" त्याचा आवाज फाटला होता. "पट्टीवरचं पाणी वीतभर उतरलं, हातभर उतरलं... मी वाट बघत उभा! तू आलीच नाहीस."

"कुठे लागली? होड्यांची तोंडं आत्ता फिरली, आत्ता!"

ऐंद्रिलाने चष्मा काढला.

"थांबा, थांबा. हा पाण्याची उंची बघतोय आणि तू धार. इथे पाणी उतरायला लागलं तरी धार कितीतरी वेळ आतच वाहत राहते. आणि तुम्ही दोन्हीला ओहोटीच म्हणता?"

"दुसरं काय म्हणणार?" आम्ही एकदमच म्हणालो.

ती कठड्याला धरून हसत सुटली. "परितोष, उतर बाबा खाली. महिनाभर तिचंच पुराण ऐकतेय मी."

त्याने होडीत उडी टाकली. होडी डचमळली आणि तो माझ्या पायाशीच येऊन पडला. लाँच निघून गेली. काकू बदकं विसरून आमच्याकडेच बघत होती.

"तिचा हात तुझ्या खांद्यावर का होता?"

"रडत होतो म्हणून."

"महिनाभर जळतेय रे मी! रोज तुम्ही दोघं माझ्या समोरून—"

"माहीत आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "उघाडीकडे जायला मागची पायवाट जवळची आहे. दीदी रोज विचारायची, मग आपण घाटावरून का जातो..."

"का?"

"मी एकटा गेलो की तू पाण्याकडे बघायचीस, पारुल. ती बरोबर असली की माझ्याकडे."

असा राग आला... आणि डोळे भरून आले. मारायला उचललेला हात त्याने धरला, आणि या वेळी मीच तो घट्ट धरून ठेवला.

"उद्यापासून घाटावरून एकटा जा," मी म्हणाले. "मी बघेन. सगळ्यांसमोर बघेन."