उजव्या हातावरचं दही

कुडाळच्या प्रवेशकेंद्राबाहेर वैजयंतीने डबी उघडली आणि लेकीच्या उजव्या तळहातावर चमचाभर दही-साखर घातली.

"आई, सगळे बघतायत," शाल्मली पुटपुटली.

"बघू देत. त्यांच्या आयाही हेच करतायत."

शाल्मलीने दही चाटलं, हात ओढणीला पुसला आणि आत गेली.

अकरावीचे विषय आता कोणी निवडत नसे, कलपाटी निवडायची. काळ्या काचेवर उजवा हात ठेवायचा, समोर एकेका विषयाची चित्रं सरकायची. मन रमलं की तळहात किंचित दमट होतो, तेवढं ती पाटी टिपायची. पाठांतराने मार्क मिळवता येतात, तळहाताला काही पढवता येत नाही, असं सरकारी पत्रकात म्हटलं होतं. शाल्मली निर्धास्त होती. बिस्किटांच्या डब्यात गोगलगायी पाळणाऱ्या मुलीचा कल पाटीला तरी वेगळा काय दिसणार?

निकाल आला : अर्थशास्त्र.

"आणि जीवशास्त्र?" वैजयंतीने खिडकीतल्या कारकुनाला, केळुसकरांना, विचारलं.

"चौथं. पण ताई, यंदा अख्ख्या जिल्ह्याचा कल अर्थशास्त्राकडे आहे. वरून कौतुक झालंय आमचं."

"चित्रं कुठल्या क्रमाने दाखवता?"

"अकारविल्हे. अ पहिला."

वैजयंतीने हातातल्या चिकट डबीकडे पाहिलं.

"म्हणजे अर्थशास्त्राला हात ओला," ती सावकाश म्हणाली. "मग दही सुकत गेलं."

केळुसकर हसले. मग त्यांची नजर बाहेरच्या रांगेवर गेली. प्रत्येक आईच्या हातात डबी. त्यांचं हसू विरलं.

"आमच्या पोरीलाही घरी आमच्या हिने दिलं होतं," ते हळूच म्हणाले.

"मग परत घ्या ना चाचणी!"

"दुसऱ्या खेपेला मुलं ठरवून येतात, म्हणून पाटी हात एकदाच घेते. नियमच आहे तसा. आणि वर कळवू काय, ताई? दही?"

कॉलेजच्या पहिल्या सकाळी शाल्मलीने गोगलगायी परसातल्या अळवावर सोडल्या, हात धुतले, दप्तर खांद्याला लावलं आणि सवयीने उजवा तळहात आईपुढे धरला.

वैजयंतीचा चमचा वाटीतच थबकला.

"घाल गं," शाल्मली म्हणाली. "आता आणखी काय बिघडायचंय?"