भरवशाचा पॉवर सप्लाय बसवल्याचे तोटे

लोकांच्या पहिल्या भेटीला म्हणे मोगऱ्याचा वास असतो. आमच्या पहिल्या भेटीला जळक्या वायरीचा होता.

लग्नसराईचे दिवस होते. भोरच्या बाजारपेठेत माझ्या अब्बांचं, म्हणजे लियाकत तांदूळवाल्यांचं दुकान. त्याच दुकानात पोत्यांच्या मागे पडदा लावून माझं कॉम्प्युटरचं टेबल. तिथे बसून मी लग्नपत्रिका बनवायची. त्या दुपारी लोडशेडिंग संपलं आणि वीज आली ती एकदम अंगावर धावून आल्यासारखी. सीपीयूच्या मागून 'फट्' असा आवाज झाला, धूर निघाला, आणि जिची पत्रिका मी टाइप करत होते त्या गिऱ्हाईक सगुणाबाईंचा होणारा जावई अर्ध्या आडनावासकट स्क्रीनवरून गडप झाला.

मी किंचाळले. पडदा बाजूला झाला आणि एक उंच, सावळा मुलगा आत डोकावला. समोरच्या हॉटेलातून चहाचा ग्लास हातात घेऊन तसाच धावत आलेला.

"एसएमपीएस गेला," तो हवा हुंगत म्हणाला.

"कोण गेलं?" अब्बा गल्ल्यावरून ओरडले.

"माणूस न्हाई चाचा. पॉवर सप्लाय. मशीनला वीज पुरवणारा डबा असतो आत, तो जळाला." मग माझ्याकडे वळून, "तुमी घाबरू नका. बाकी सगळं शाबूत असंल."

"मी घाबरले नाहीये."

"मग मघाशी किंचाळलं कोण? मशीन?"

मला राग यायला हवा होता. पण त्याने हसू दाबायला चहाचा घोट घेतला, तो त्याला लागला ठसका, आणि मीच आधी हसले.

हा फरहान. जवळच्या किकवी गावचा. पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून आलेला आणि मोटारसायकलवरून भोर-वेल्ह्यातल्या शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायतींची मशीनं बघत फिरणारा. "पुण्याहून चांगला सप्लाय आणून देतो," तो म्हणाला. पण अब्बांचा बाणा असा, की दुकानात येणारी वस्तू, मग ती सुई का असेना, तेच पारखणार. दुसऱ्या दिवशी ते एसटीने पुण्याला गेले आणि दुकानदारापुढे एकेक सप्लाय तळहातावर घेऊन झेलत बसले.

"दाणा भरलेला असला की हाताला कळतं," परत आल्यावर अब्बा म्हणाले. "सगळ्यात जड निवडलाय."

फरहानने तो हातात घेतला. वर चकचकीत स्टिकर, साडेचारशे वॅटचं. "जड तर हाय," तो म्हणाला, आणि पुढे काही बोलावंसं वाटूनही बोलला नाही. वडीलधाऱ्यांपुढे कोण बोलणार?

त्या जडशीळ डब्याने मला काय काय दाखवलं म्हणून सांगू! मशीन मनाला येईल तेव्हा बंद पडायचं. मी किकवीला निरोप धाडायची. फरहान यायचा, डबा उघडायचा, पंख्यातली धूळ फुंकायचा. मी बॅटरी धरायची. खरं तर बॅटरीची गरज नव्हती, डोक्यावर ट्यूब होती...

"जरा इकडं धरा."

"इकडे?"

"न्हाई... आदी होती तिथंच. तिथं बरी दिसत व्हती."

"काय बरी दिसत होती? वायर?"

"व्हय — वायर," फरहान म्हणायचा आणि स्क्रू खाली पाडायचा. मग आम्ही दोघं टेबलाखाली स्क्रू शोधायचो, आणि तो सापडण्याची घाई दोघांनाही नसायची.

अम्मीच्या लक्षात आलं. "मशीन बिघडलं की तू वेणी घालतीस," ती म्हणाली, "हे कुठल्या पुस्तकात लिवलंय गं, फौजिया?"

ऐन मे महिन्यात तो डबा पुरता जळाला. पत्रिकांचा ढीग पडलेला, रंगनाथ कोंढाळकरांच्या मुलाचं लग्न तोंडावर, आणि त्यांचा चुलता पत्रिकेसाठी दुकानात ठाण मांडून बसलेला. मी अगदी रडकुंडीला आले. फरहानने गल्ल्यावरच डबा उघडला. आत थोडेसे सुटे भाग, बारीक बारीक वायरी, आणि तळाला चिकटवलेला... सिमेंटचा गोळा.

"वजन यावं म्हणून घालतात," फरहान हळूच म्हणाला.

अब्बांनी त्या गोळ्यावर नख घासून बघितलं. "जन्मभर तांदळातला खडा निवडला म्या," ते म्हणाले, "आन् हितं खडाच घरी घेऊन आलो!" कोंढाळकरांचा चुलता पोट धरून हसला. ती गोष्ट संध्याकाळपर्यंत भोरभर झाली.

मग अब्बांनी मुकाट्याने निवड फरहानवर सोपवली. त्याने पिशवीतून दोन डबे काढले. "स्टिकरवरच्या मोठ्या आकड्याला भुलायचं न्हाई. वायरी जाड हायत का बघायच्या, आतला ट्रान्सफॉर्मर दांडगा हाय का बघायचं, आन् वॉरंटीचं पक्कं बिल घ्यायचं. हा एक चालंल, पण अधनंमधनं कुरकुरंल. हा दुसरा तीनशेच वॅटचा, पण खरे तीनशे."

कुरकुरणारा डबा! माझं काळीज त्याच्याकडेच धावलं.

"पहिलाच बसवा," मी म्हणाले.

"का?" फरहानने चमकून विचारलं.

का, ते काय सांगू! "मला... त्याचा रंग आवडला."

"तो आत बसतो. रंग कुणाला दिसतोय?" त्याने दुसरा डबा उचलला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हाच बसवू. म्हंजे मला सारखं यायला नको."

यायला नको! माणसाने इतकं प्रामाणिक असावं? त्याने स्क्रू आवळले, आणि या वेळी एकही खाली पडला नाही.

आणि मग ते मशीन मेलं बंदच पडेना. लोडशेडिंग झालं, वळवाने विजा पाडल्या, दिवे काजव्यासारखे मिणमिणले, तरी ते आपलं घूं घूं करत चालूच. कोंढाळकरांच्या पत्रिका वेळेवर गेल्या. सगळे माझं कौतुक करत होते आणि मी त्या सीपीयूकडे सवतीसारखी बघत होते. वेणी घालायचंही मी सोडून दिलं.

मग बाजारच्या एका दिवशी मोटारसायकल दारात थांबली.

"चाचा, किलोभर तांदूळ द्या," फरहानचा आवाज. मग पडद्याकडे तोंड करून, "मशीन बरं हाय न्हवं?"

"उत्तम," मी आतूनच तुटक म्हणाले.

"बरं..." आणि गेला. पुढच्या बाजारी परत आला. त्याच्या पुढच्याही. किलोभर तांदूळ, मशीनची चौकशी, आणि "बरं". श्रावण लागला तरी हेच चाललेलं. शेवटी एका दिवशी अब्बांनी तागडीला हात लावला नाही.

"किकवीत तुमची घरची भाताची खाचरं हायत न्हवं?"

"हायत," फरहान म्हणाला.

"काय लावता?"

"...इंद्रायणी."

"आन् हितनं काय नेताय?"

"इंद्रायणी," फरहान म्हणाला. पडद्याच्या फटीतून मला त्याचे तापलेले कान दिसले.

"घरची काय म्हणत न्हाईत?"

"अम्मी म्हणती, पोराच्या डोस्क्यावर परिणाम झालाय."

मला राहवेना. मी बाहेर आले. "आणि 'मला यायला नको' असं कोण म्हणालं होतं?"

फरहानने माझ्याकडे बघितलं, अब्बांकडे बघितलं, आणि तांदळाच्या राशीकडे बघून बोलायला लागला. "मशीन बंद पडल्याचा निरोप आला की मला लई आनंद व्हायचा. तुमी हितं रडकुंडीला आलेल्या, गिऱ्हाईक दारात बसलेलं, आन् मी गाडीवर गाणं म्हणत यायचो. त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत पाणी बघितलं न् माझी मलाच लाज वाटली. तुमचं नुकसान झालं तरच आपली भेट... असली भेट नको म्हटलं. म्हणून बाजारातला सगळ्यात चांगला सप्लाय बसवला." तो थांबला. "घरी गेल्यावर कळलं, काय करून बसलो ते."

इतके दिवस मी ज्या डब्याला शिव्या घालत होते, तो या माणसाने माझ्यासाठी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन बसवला होता. आता गप्प राहिले असते, तर तो 'बरं' म्हणून निघून गेला असता.

"अब्बा," मी म्हणाले, "ते माझ्यासाठी येतात. आणि मी... मी बाजाराच्या दिवसाची वाट बघते."

अब्बांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"हितून पुढं तुमाला तांदूळ मिळणार न्हाई," ते फरहानला म्हणाले. त्याचा चेहरा पडला. "पुढल्या जुम्म्याला आई-वडलांना घेऊन या. रीतीनं. तांदळाच्या आडून न्हाई."

फरहानने मान डोलवली, सलाम केला, रिकामी पिशवी गल्ल्यावरच विसरला आणि गाडीला किक मारली. गाडी चार पावलं गेली, थांबली, आणि तो पायाने जमीन रेटत मागे आला.

"फौजिया... जुम्मा लई लांब हाय. मशीन काय कुरकुर करतंय का?"

"अजिबात नाही. चांगलं चालू आहे."

"बरं..."

"अहो, चालू असलं तरी या," मी म्हणाले.