हवेत चालणारा खेकडा

खेकडा हवेत चालताना रेवती सोनटक्केने पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिला वाटलं, ही शुद्ध लबाडी आहे.

'ध्रुवा' यान एका लघुग्रहाच्या वाटेवर होतं. माणसं तीनच: कप्तान जयसिंग घोरपडे, डॉक्टर रेवती आणि अभियंता दिगंबर लोणकर. करमणुकीला म्हणून दिगंबरने वडिलांच्या लहानपणीचा व्हिडिओगेम आणला होता. त्यात एक पोस्टमन छपरांवरून उड्या मारत टपाल पोचवतो. एका छपरावर एक खेकडा असतो. तो ना चावतो, ना गुण देतो. कडेपर्यंत जातो आणि मुकाट्याने मागे वळतो. रेवती आणि दिगंबर आळीपाळीने आपापल्या खोलीत खेळत, आणि जिंके मात्र दिगंबरच. आज त्याच्या दारातून डोकावल्यावर तिला कारण कळलं. खेकडा कड ओलांडून हवेत चालला होता आणि पोस्टमन त्याच्या पाठीवर पाय देऊन थेट वरच्या छपरावर!

"तू यात काहीतरी छेडछाड केलीयस."

"आईशप्पथ नाही, ताई. माझ्याकडे तो असाच चेकाळतो," दिगंबर म्हणाला, आणि ओकारी आली म्हणून तोंड दाबत उठला.

हे दुखणंही नवं नव्हतं. आधी मळमळ, मग थकवा, आता हिरड्यांतून रक्त. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटत होत्या, पण तेवढं साध्या विषाणूनेही होतं. रेवतीने परत फिरण्याचं सुचवलं, तेव्हा कप्तान हसले.

"सोंग आहे, डॉक्टर. गड्याला घराची ओढ लागलीय. किरणोत्सर्गाचे मापक ठीक, हवा तीच, जेवण तेच. तुम्हाला काही होतंय? मला होतंय? पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथं दोघांमुखी समजा."

रेवतीच्याही मनात पाल चुकचुकली. खेळात लबाडी करणारा दुखण्यात तरी कशाला मागे राहील?

तिने दिगंबरला तपासणीकक्षात झोपवलं आणि त्याची चोरी पकडायला त्याच्या रिकाम्या खोलीत जाऊन खेळ सुरू केला. बिछान्यावर ठेवला, हातही लावला नाही. खेकडा कडेपर्यंत गेला. थबकला. आणि पुढे चालू लागला. कोणी खेळतच नव्हतं.

ती धावत तपासणीकक्षात आली. "दिगंबर, जुन्या चिपची स्मृती आपोआप कशाने बिघडते?"

"वेगवान कण आदळला की शून्याचा एक होतो. नवी यंत्रं अशी चूक स्वतःच दुरुस्त करतात. या म्हाताऱ्यात ती सोय नाही." तो बोलता बोलता थांबला. "ताई, माझ्या भिंतीमागे यानाला वीज देणारा अणुघट आहे. तो गळत असणार."

"मग तुझ्या खोलीतला मापक गप्प कसा?"

"मापकांना आकडे दाखवायला स्वतःचा पडदा नसतो, ते फक्त पंचाशी बोलतात." यानाच्या संगणकाला सगळे पंच म्हणत. "तीन खोल्या, तीन मापक. दोघांचं जुळलं की पंच तिसऱ्याला बिघडलेला ठरवतो. माझा बिचारा ओरडत असेल. ऐकतंय कोण?"

रेवतीला स्वतःची लाज वाटली. पंचाने मापकाचं जे केलं, तेच तिने आणि कप्तानांनी या माणसाचं केलं होतं. आता त्याला लवकरात लवकर पृथ्वीवरच्या इस्पितळात नेलं, तरच तो वाचणार होता.

कप्तानांनी सगळं ऐकून घेतलं. "एका खेकड्याच्या साक्षीवर मी मोहीम सोडू? पंचाला सांगा. तो म्हणाला, तर आत्ता फिरू."

रेवती वाद घालत बसली नाही. तिने स्वतःच्या खोलीतला मापक भिंतीवरून उपसला आणि दिगंबरच्या खोलीत नेऊन लावला.

क्षणात यानभर घंटा घणघणली. "दोन मापक सहमत," पंचाचा शांत आवाज आला. "संपूर्ण यान किरणबाधित. परतीचा प्रवास सुरू करत आहे."

घोरपडे लालबुंद होऊन खोलीबाहेर आले. "थांबव! माझ्या खोलीत काहीही नाही! माझा मापक बघ, तो ठणठणीत आहे!"

"आपला मापक बिघडलेला आहे, कप्तान," पंच अदबीने म्हणाला. "दोन विरुद्ध एक."