गुजरसाहेबांच्या मापाची पोकळी

पाचगणीतल्या त्या बंगल्याच्या कुंपणात एक माणूस नव्हता, आणि तो नसलेला अगदी स्पष्ट दिसायचा. डोकं, उतरते खांदे, पुढे आलेलं पोट. कुंपणाला लावलेल्या बॉक्सवूडच्या दाट हिरव्या झुडपात गुजरसाहेबांच्या मापाची पोकळी. साहेबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

यात भुताटकी काही नव्हती. हे बॉक्सवूड छायास्मृतीचं होतं. रोज ठरावीक वेळी जिथे सावली पडेल, तिथली पानं आखडून घ्यायला त्याच्या पेशींना प्रयोगशाळेत शिकवलेलं. येण्याजाण्याच्या वाटेवरची छाटणी वाचावी, एवढाच हेतू. साहेब रोज सकाळी सातला कुंपणाशी उभे राहून शेजाऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवायचे, म्हणून झुडपाने त्यांना जागा करून दिली. सावली थांबली की तीन आठवड्यांत पोकळी बुजते, असं रोपांबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं.

ती बुजायला लागली तसं साहेबांच्या पत्नी शालनबाईंनी जेवण टाकलं. तेव्हापासून सदू माळी रोज सातला, बाई उठायच्या आत, साहेबांची टोपी घालून आणि पोटाला उशी बांधून तिथे उभा राहू लागला. त्याच्या लेखी ही निगराणीच होती. बुंध्याशी पालापाचोळा पसरायचा, मुळं वरवरची म्हणून खुरपं लावायचं नाही, पावसाळ्यात पाणी तुंबू द्यायचं नाही आणि सातला साहेब व्हायचं.

पण बाई दोनदा न्हाणीघरात पडल्या. दुसऱ्या वेळी पाय प्लास्टरमध्ये गेला. मुलगी ऋजुता पुण्याहून येऊन विनवण्या करून थकली. शेवटी बाईंनी कबूल केलं, की ज्या दिवशी ती जागा बुजेल त्या दिवशी निघेन. ऋजुताने हे सदूला सांगितलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. एकट्या म्हातारीला त्या घरात त्याच्या उशीने अडकवून ठेवलं होतं.

त्याने पुतणीच्या लग्नासाठी महिनाभर सुट्टी मागितली. एका लग्नाला महिना लागत नाही, पण कोणी विचारलं नाही. पाणी ठिबकवर सोडून तो गावी गेला.

परतला त्या दिवशी ऋजुताची गाडी फाटकात उभी होती. सामान व्हरांड्यात होतं. सदू आधी कुंपणाकडे गेला.

साहेब जागेवर होते.

त्याने टेप काढून माप घेतलं. पोट दोन इंच वाढलं होतं.

बाई महिनाभर पायरी उतरलेल्या नव्हत्या. दहाला येणारी कामवाली सोडली तर बंगल्यात दुसरं कोणी नव्हतं. सदूने पानं चाचपली. ताजी आखडलेली होती, कात्रीचा घाव कुठेच नव्हता. मग त्याची नजर डावीकडे गेली. साहेबांच्या खांद्याला लागून दुसरी पोकळी आकार धरत होती. बुटकी, मागे अंबाडा, हातात काठी. ऋजुताने फोनवर सांगितल्याप्रमाणे बाईंचं प्लास्टर परवा डॉक्टरांनी घरी येऊन काढलं होतं, काठी परवाच आली होती. आणि त्या जागी बाई आयुष्यात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. गाड्यांना नावं ठेवणं त्यांना पटायचं नाही.

झुडूप आजवर सावली पडून गेल्यावर जागा करायचं. आता ते आधीच करत होतं.

मागून ऋजुता आली. सदू चटकन कुंपणाला पाठ लावून उभा राहिला.

“आईला हल्ली डोळ्यांनी नीट दिसत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल ते ती मानेल. बुजलीय ना, काका?”

सदूला खोटं बोलायची सवय दोन वर्षांची होती. पण आता कुठलं खोटं बोलावं, ते त्याला ठरवता येईना. गेलेल्या साहेबांशेजारी जागा झाली, म्हणजे बाईंनी इथेच राहायचं, की मरण टाळायला आत्ताच्या आत्ता निघायचं? आणि पुण्यातल्या सोसायटीला कुंपण कसलं होतं, याच झुडपाचं तर नव्हतं? पाठीमागची पानं किंचित मागे सरकली, पंगतीत कोणी सरकून शेजारी बसायला जागा द्यावी तशी.

“काका,” ऋजुताने पुन्हा विचारलं, “नेऊ ना मी आईला?”