छत्रीखालचे मासे

'माणूस निसर्गाला काही देऊ शकत नाही. घेतलेलं फक्त परत करू शकतो,' हे वाक्य आमच्या नदी समितीच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं आहे. ते कुणा थोर विचारवंताचं असावं असं वाचणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात पत्रकाच्या तळाशी चार बोटं जागा उरत होती, म्हणून छापखानेवाल्यानं ते एका खत कंपनीच्या जुन्या कॅलेंडरवरून उचललं.

समितीची अध्यक्ष माझी थोरली बहीण. ताईनं नर्स म्हणून आयुष्यभर लोकांच्या घशात गोळ्या उतरवल्या आणि निवृत्त झाल्यावर न ऐकणारं आणखी कुणीतरी हवं म्हणून ती नदीकडे वळली. सचिव म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी, कारण सभा त्यांच्या दुकानात होतात. औषधांच्या दुकानाचे मालक प्रत्येक विषयावर हरकत घेतात, म्हणून त्यांना हरकतकाका म्हणतात. आता त्यांची बायकोही म्हणते. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि समितीत आहे तो माझ्याकडे थर्मामीटर आहे म्हणून. बाकीचे सात-आठ जण चहाच्या सुमारास येत.

तरी काम झालं होतं, हे मान्य केलं पाहिजे. आम्ही टेकडीच्या उतारावर दगडी बांध घातले, गटाराचं तोंड वळवलं, काठावर झाडं लावली. झाडं गुडघ्याएवढी झाली आणि त्या वर्षीचा उन्हाळा आला. नदी आटत आटत एका डोहापुरती उरली. त्या डोहात हातभर लांबीचे, मोठ्या खवल्यांचे मासे होते. सगळ्या खोऱ्यात तेवढेच. सरकारी आदेश सरळ होता: मासे जिवंत असतील तोवर डोह राखीव. मेले, की कापड रंगवणाऱ्या कारखान्याची पाइपलाइन डोहात पडणार. तपासणीचा साहेब पावसाच्या तोंडावर येणार होता.

पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकायला लागले. ताई काठावर बसून ते बघायची. वॉर्डात एखादा पेशंट घरघरायला लागला की ती तशीच बसत असणार.

"यांना सावली पाहिजे," ती म्हणाली.

"झाडं मोठी व्हायला चार-पाच वर्षं लागतील," मी म्हणालो.

"तोवर आपण मोठे आहोतच की."

अशा रीतीनं जगात दुसरीकडे कुठेही झाला नसेल असा उपक्रम सुरू झाला. डोहात पुढे आलेल्या खडकांवर एकेकानं उभं राहायचं आणि उजवा हात लांब करून पाण्यावर छत्री धरायची. "माशांना छत्री, आणि आमच्या टाळक्यावर ऊन?" ही हरकतकाकांची पहिली हरकत. ती नोंदवून ते उभे राहिले. पुलावरून जाणाऱ्या बसमधले लोक हसायचे. मासे मात्र छत्रीखाली येऊन दाटीनं थांबायचे, तोंडं मिटून.

एका दुपारी आम्ही सगळे जेवायला घरी गेलो. शिंपी चष्मा विसरले होते, म्हणून ते परत डोहावर गेले आणि तिथून सायकल दामटत माझ्याकडे आले.

"सर, सावली तिथंच आहे."

"कसली?"

"छत्रीची. ताईंची पण. ताई नाहीत."

मी थर्मामीटर घेऊन गेलो. आभाळ पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. मधला खडक रिकामा होता. त्याच्या कडेला पाण्यावर एक गोल काळोख पडला होता, त्याला जोडून एक हात, आणि हाताला जोडून ताईचा अंबाडा. काळोखात मासे. मी शेवाळ, गाळ, खडकाची छटा अशी सगळी कारणं क्रमानं तपासली. काठीनं पाणी ढवळलं. मासे बाजूला झाले. सावली हलली, फुटली, पुन्हा जुळली. पाणी उन्हात चौतीस अंश होतं, सावलीत अठ्ठावीस. सावली खोटी असली तरी गारवा खरा होता.

तिथून मी ताईकडे गेलो. ती अंगणात भर उन्हात स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. स्टुलाची सावली होती. ताटाची होती. सालं टोपलीत पडत होती, त्यांचीसुद्धा पडताना दिसत होती.

"ताई, तुझी सावली कुठे आहे?"

"कामावर," ती म्हणाली. "आणि तू असा उन्हात टोपीशिवाय काय फिरतोस?"

समितीतल्या लोकांनी ही गोष्ट ज्या सहजतेनं घेतली, तिचं मला अजून नवल वाटतं. कदाचित सोय झाली की माणूस फार चौकशी करत नाही. सकाळी खडकावर उभं राहायचं, हाताला रग लागेस्तोवर छत्री धरायची, मग सावली तिथे ठेवून घरी जायचं. चहापुरते येणारेही यायला लागले. सावली परत मिळेल याची लेखी हमी कोण देणार, असं हरकतकाकांनी विचारलं. कुणीच देईना, तेव्हा तेही सावली ठेवून आले.

मी राहिलो होतो. प्रकाश सरळ रेषेत जातो हे मी पोरांना शिकवतो. त्याचा पगार घेतो. ताई मला एका शब्दानं काही बोलली नाही. पण डोहाच्या पश्चिमेला एक टापू उघडा राहत होता, आणि तिथे रोज एखाददुसरा मासा उलटा तरंगताना सापडायचा. ताई तो हातानं उचलून काठावर पुरायची. तिसऱ्या माशानंतर मी छत्री घेतली.

काही दुखत नाही. लांबच्या प्रवासाहून आल्यावर खांद्यावरची पिशवी खाली ठेवतो ना, तसं होतं. मी घरी चालत गेलो. रस्त्यावर विजेच्या खांबांच्या सावल्या होत्या, कुत्र्याची होती. मला फार बरं वाटत होतं.

साहेब आला तेव्हा डोह माशांनी भरलेला होता. त्यानं पाण्यावर पडलेल्या छत्र्या पाहिल्या, रिकामे खडक पाहिले, वर आभाळ पाहिलं. पुन्हा पाणी पाहिलं. मग 'छाया पुरेशी' असा शेरा मारून तो चहा न घेता गेला. डोह राखीव राहिला. त्या रात्री ताई आमच्याकडे जेवायला आली आणि तिनं दोन वाट्या खीर जास्त खाल्ली. तिला इतकं खूश मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढची वर्षं चांगली गेली. नदी वाहती राहिली, माशांना पिल्लं झाली. सावलीवाचून कुणाचं काही अडत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. ग्रुप फोटोत आम्ही कापून चिकटवल्यासारखे दिसतो, एवढंच.

हाताचं नंतर सुरू झालं. माध्यान्हीच्या सुमारास उजवा हात आपोआप वर जातो आणि थोडा पुढे येऊन थांबतो. दुखत नाही, खाली मात्र येत नाही. वर्गात पोरांना वाटतं, सर शांत राहा म्हणतायत, आणि ती शांत राहतात. शिंपी त्या वेळात कापड बेतत नाहीत. हरकतकाकांच्या दुकानात एका गिऱ्हाइकानं घाबरून स्वतःचेही हात वर केले.

"तिकडे काम चालू आहे, हाताला कळणारच," ताई म्हणाली.

पहिल्यांदा ते चार-पाच मिनिटं टिकायचं. यंदा अर्ध्या तासावर गेलं.

म्हणून मी परवा डोहावर गेलो. झाडं आता दोन पुरुष उंच झाली आहेत. त्यांची गर्द सावली सगळ्या पाण्यावर पडते. त्या सावलीत आमच्या सावल्या दिसू नयेत. दिसत होत्या, आणखी काळ्या. मासे झाडांखाली नव्हतेच. ते आमच्याखाली होते, एकही कल्ला न हलवता.

मी माझी सावली शोधली.

तिनं छत्री मिटून खाली ठेवली होती. हात वरच होता.

बाकीच्यांचंही तसंच.

मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "सभेत ठेव."

सभा शिंप्यांच्या दुकानात सकाळी भरली. सावल्या परत बोलवाव्यात असा ठराव मी मांडला. काम झालं, झाडं आली, आता त्यांची गरज नाही. हरकतकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा मला पाठिंबा दिला.

"परत आणताना मासे मेले तर?" ताई म्हणाली. "परत आणायचं कसं, ते तरी माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. सावल्या डोहावर कायम ठेवाव्यात, असा उलट ठराव तिनं मांडला. हरकतकाकांनी तिच्या ठरावावर हरकत घेतली, मग सवयीनं माझ्यावरही घेतली. चहा आला, गेला. बोलणं लांबत गेलं. मी माणसं मोजून ठेवली होती. दोघं-तिघं सोडले तर सगळे माझ्या बाजूनं होते.

"अध्यक्षांचा ठराव आधी," शिंपी म्हणाले. "सावल्या कायम ठेवाव्यात. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

माझा हात वर गेला.

हरकतकाकांचाही गेला. ते दुसऱ्या हातानं तो खाली ओढत होते.

मी ताईकडे पाहिलं. ती आपल्या वर गेलेल्या हाताकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा मला ओळखीचा वाटेना.

बाहेर भर दुपार झाली होती.

शिंप्यांनी डाव्या हातानं वहीत आकडा लिहिला आणि विचारलं, "विरोधात कोण?"

सगळ्यांचे हात वरच होते. एका सभासदाला एका ठरावावर दोनदा मत देता येत नाही, असं सचिव म्हणून त्यांनी निदर्शनास आणलं, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.