कोणीच न चोरलेली उभारी

"हा पाट माह्या," हरिदास म्हणाला. "शकुबाईच्या ओसरीतून उचलला. अन् तो नांगराचा तुकडा तुह्याच नं, कवडू?"

कवडूने नुसती मान हलवली.

होळीची सुट्टी होती आणि आज होळीच होती. गावाबाहेर, शेतांकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी लाकडांचा ढीग रचलेला होता, आणि त्यातली प्रत्येक काडी चोरीची होती. धामणखेड्यात होळीचं लाकूड मागून आणत नाहीत, चोरूनच आणतात. मोठी माणसं आठ दिवस आधीपासून एखादं मोडकं फळकूट मुद्दाम अंगणात विसरायची, आणि ते गेलं की पोरांच्या नावाने मनसोक्त ओरडायची. ओरडून झालं की आत जाऊन हसायची.

यंदा मात्र ही चोरी खरोखरच चोरून करावी लागली होती. वासुदेवराव जमादार दिवाळीनंतर नागपूरहून इथल्या पोलीस चौकीवर बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. काडी चोरणाऱ्याला वेळीच धरलं की गावात डोकी फुटत नाहीत. त्यांनी दिवा नसलेल्या सायकली धरल्या, मोकाट गाई कोंडवाड्यात घातल्या, आणि होळीची लाकडं चोरणाऱ्यालाही चौकीत बसवीन अशी दवंडी दिली. खोटं कशाला बोला, आठवडी बाजारात खिसे कापणं थांबलं. लोक आधी खूश झाले. मग जमादार समोरून आले की लोकांचं बोलणंच थांबायला लागलं.

दवंडी ऐकून गावातली बाकी पोरं घरात बसली. उरली ही तिघं, आणि त्यांतली एक, नलू, जमादाराचीच मुलगी. ती गावात नवी होती. कवडू आणि हरिदासने तिला आपल्यात घेतलं ते या चोरीमुळेच, त्यामुळे तिला ती फार प्रिय होती.

"ही खिडकीची चौकट माझी," ती म्हणाली. "ओढताना माझा परकर फाटला होता. आठवतं, कवडू?"

कवडूला हसवण्यासाठीच ही मोजदाद चालली होती. पण तो हसणार कसा? त्याचे वडील तानबा काल संध्याकाळपासून चौकीत होते. काल दुपारी गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या, बापूजींच्या, खळ्यावर राखणदार बाबाराव डोकं फुटून पडलेला सापडला. म्हाताऱ्याला हिंगणघाटच्या दवाखान्यात नेलं, पण तो शुद्धीवर नव्हता. तानबा आठवड्यापूर्वी त्याच खळ्यावरून पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, एक भारा नेताना धरला गेला होता. चुलीला सरपण नव्हतं म्हणून नेला होता बिचाऱ्याने. वासुदेवरावांनी दोन आणि दोन चार केले. आज चारच्या मोटारीने ते तानबाला हिंगणघाटला नेणार होते.

"अन् हे कोनाचं?" हरिदासने ढिगाच्या तळाशी बोट दाखवलं.

पाटाखालून एका दांड्याचं टोक बाहेर आलं होतं. बैलबंडीच्या दोन्ही बाजूंना उभे दांडे ठोकलेले असतात, त्यांना उभारी म्हणतात. ही तशीच उभारी होती, वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

"तू आणली?" नलूने विचारलं.

"म्या नाई. मले वाटलं तू."

"मी कोणाच्या बंडीला हातसुद्धा लावला नाही."

कवडू सकाळपासून पहिल्यांदा बोलला. "म्या बी नाई आणली."

या ढिगातली काडी न् काडी तिघांनाही पाठ होती. कोणती कुठून आणली, कोण मागे धावलं, सगळं सांगता आलं असतं. ही उभारी मात्र कोणीच चोरली नव्हती. नलू गुडघ्यांवर बसून वाकली. दांड्याच्या टोकाला काळपट डाग होता, आणि त्याला दोन पांढरे केस चिकटले होते.

बाबारावचं डोकं अगदी पांढरं होतं.

कवडूने उभारी ओढायला हात घातला तसा हरिदासने तो पकडला. "थांब! होळीत पडलं लाकूड काढत नाई. पाप लागते."

"ज्याने टाकलं त्यालाही हे माहीत असणार," नलू हळूच म्हणाली. "कोणी काढणार नाही, आणि आज संध्याकाळी राख होईल."

हरिदास राखणीला थांबला. नलू आणि कवडू गावात निघाले. ज्या बंडीची एक उभारी नाही ती शोधायची, एवढंच काम होतं. पण दुसऱ्याच्या अंगणात शिरून बंडीच्या उभाऱ्या मोजायच्या म्हणजे काहीतरी निमित्त हवं. कवडू प्रत्येक घरी पाणी मागत होता. सहाव्या घरी त्याचं पोट डुचमळायला लागलं, तेव्हा नलूने त्याच्या वाटणीचं प्यायलं.

बापूजींच्या अंगणातल्या बंडीला उभाऱ्या सगळ्या होत्या. पण जुन्या सगळ्या काळ्या पडलेल्या, आणि एक ओल्या बाभळीची, ताजी तासलेली.

बापूजी ओट्यावर बसले होते. गावातला मानाचा माणूस, जमादारांच्या दवंडीला सर्वांत आधी होकार देणारा. कवडूला बघून ते उठले, घरातून गुळाचा खडा आणला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"खा, लेकरा," ते म्हणाले. पण त्यांनी कवडूच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर कवडूने तो गूळ तसाच मुठीत धरून ठेवला. "बापूजीच," तो म्हणाला. "पण आपलं कोन आयकन? तुहे बाबा म्हनतीन, बापाले सोडवाले पोरगं खोटं बोलून राह्यलं. अन् वरून लाकडाचा चोर."

"तू नको सांगू," नलू म्हणाली. "मी सांगते."

बोलून गेली खरी, पण चौकीच्या वाटेवर ती हळूहळू चालायला लागली. तिचे वडील तिला कधी मारत नसत. ते नुसते गप्प होत, आणि तिला तेच सोसत नसे. शिवाय सगळ्या गावात जमादाराची मान खाली जाणार होती. गजाआड तानबा गुडघ्यांत डोकं घालून बसलेला दिसला. तेव्हा तिने डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं.

"बाबा, होळीची लाकडं आम्ही चोरली. पाट, नांगर, चौकट, सगळं. सगळं मला पाठ आहे. म्हणून सांगते, त्यात एक उभारी आहे ती आम्ही चोरलेली नाही. तिला रक्त लागलंय."

वासुदेवरावांनी टोपी घातली. "चल, दाखव."

जमादार होळीकडे गेले हे कळायला गावाला वेळ लागला नाही. सगळे जमले, बापूजीही आले. वासुदेवरावांनी वाकून उभारी पाहिली, केस पाहिले आणि हात पुढे केला, तोच बायकांत कुजबूज झाली. हरिदासच्या आजीने तर तोंडावर पदर घेतला. वासुदेवराव थबकले. नलूला वाटलं, आता ते एकदा दरडावतील आणि उभारी ओढतील. पण त्यांनी हात मागे घेतला.

"गावाची रीत मी मोडत नाही," ते म्हणाले. "ज्याने हे टाकलं, त्यानेच काढावं."

मग बापूजी पुढे आले. त्यांनी होळीला हात जोडले आणि उभारी स्वतःच्या हाताने ओढून काढली.

"माहीच हाय," ते म्हणाले. "तानबाले पऱ्हाटी बाबारावानंच नेऊ देल्ली होती. तशीबी सडून जाते, गरिबाची चूल तरी पेटन, म्हने. काल मले समजलं, अन् राग आला. चोराईले तूच पोसतं, म्हनून म्या... वीस वरसं खळं राखलं जी त्यानं माह्यं."

गर्दीतून शकुबाई दबकत पुढे आली आणि तिने बापूजींकडे बोट दाखवलं. "जमादारसाहेब, यायले काल दुपारी दांडा घेऊन हिकडं येताना म्या पाह्यलं होतं."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"कशी सांगू? म्या यायच्याच वावराच्या धुऱ्यावर काड्या येचून राह्यली होती. मलेच बसवलं असतं नं तुमी."

वासुदेवरावांचा चेहरा इतका उतरला, की नलूला त्यांचा हात धरावासा वाटला.

चारच्या मोटारीने शिपायाबरोबर बापूजी गेले. वासुदेवरावांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढलं, आणि सगळ्यांसमोर तानबाला म्हणाले, "माझं चुकलं. मला क्षमा करा."

तानबाने आधी विचारलं, "बाबाराव कसा हाय जी?"

"शुद्धीवर आला. मोटारवाल्याने निरोप आणलाय."

तेव्हा कुठे तानबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. कवडू धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगला. त्याच्या मुठीतला गूळ केव्हाच विरघळला होता आणि सगळा तानबाच्या सदऱ्याला लागला.

"पोराईनं गावाची लाज राखली," हरिदासची आजी म्हणाली, आणि तिने तिघांच्याही गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. शकुबाईने तर पाटाचा उरलेला पायही आणून दिला.

संध्याकाळी होळी पेटली. नलू आणि तिचे वडील जरा लांब उभे होते.

"ती उभारी तुम्हाला सकाळी दिसली," वासुदेवराव म्हणाले. "माझ्याकडे यायला दुपार का झाली?"

"तुमची भीती वाटली."

"माझी?"

"सगळ्यांनाच वाटते, बाबा."

त्यांनी टोपी काढून काखेत घेतली. मग म्हणाले, "यापुढे काही दिसलं तर आधी मला येऊन सांगायचं."

"चोरी केलेली असली तरी?"

"असली तरी," वासुदेवराव म्हणाले, आणि तिचा हात धरून लोकांत जाऊन उभे राहिले.