किती आटे, ते सांगायचं राहिलं

हे खरं घडलंय. पटत नसेल तर पुढं वाचू नका, माझं काही अडलेलं नाही.

या पानावरच्या भुताच्या गोष्टी मी नेमानं वाचते. मागच्या छत्तीस मोजल्या. एकतीस रात्री बारा ते तीनच्या, चार संध्याकाळच्या, एकीत वेळच दिलेली नाही. दुपारची एकही नाही.

माझी दुपारची आहे.

मंगळवार. आमच्या गॅरेजच्या सुट्टीचा दिवस. सव्वादोन वाजले होते. शेडमध्ये लख्ख उजेड. समोरचा वेल्डर जेवून दारातच घोरत पडलेला. घाबरायची काहीच सोय नव्हती.

तरी घडलं.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको.

गॅरेज बाबांचं. लोक त्यांना मास्तर म्हणायचे. इंजिनाच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये आटे पाडायचे तर मास्तरांनीच, असा त्यांचा हात. आटे पाडायचं हत्यार म्हणजे टॅप. दोन्ही हातांनी मूठ धरून फिरवायचा, तो भोकाच्या आत स्क्रूसारखे आटे कापत जातो.

तो टॅप बाबांनी मला कधी धरू दिला नाही.

"तुझा हात हलका आहे. तू मोज."

गाडीखाली काम करायला जमिनीत खड्डा, त्यात उतरायला पाच पायऱ्या. तिसरीवर तेलाचा रिकामा डबा पालथा घालून मी बसायची. बाबा एक वळण द्यायचे, मी एक आकडा म्हणायची. आठव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत. अठरा वर्षं.

नियम दोनच. टॅप धरणाऱ्यानं आधी सांगायचं, किती. आणि मोजणाऱ्यानं शेवटचे तीन आकडे हळू म्हणायचे, म्हणजे हाताला कळतं, संपत आलं.

मी नऊ वर्षांची असताना बाबा एकदा 'किती' ते सांगायला विसरले. काम उरकून ते हात धुवायला गेले, तिथून गिऱ्हाइकाशी गप्पा. परत आले तेव्हा मी डब्यावर बसून मोजतच होते. तीनशे अकरा.

"अगं, वेडी का तू?"

"तुम्ही किती ते सांगितलं नव्हतं."

बाबा त्या दिवशी पोट धरून हसले. मी हसले नव्हते. मला राग आला होता.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर गिऱ्हाइकं दारातून डोकावायची, मला पाहायची, आणि "कुणी आहे का?" असं मलाच विचारायची. मोठी कामं बंद झाली. तेल बदल, पट्टा बदल, एवढंच उरलं.

मग माझा धाकटा भाऊ बोलला. त्याला मी साहेब म्हणते. हातात पाना दिला की त्याला नेमका कुणाला तरी फोन करायचा असतो.

"ताई, शेड गोदामाला देऊन टाकू. तू एकटी किती दिवस करणार?"

"बाबांच्या गाडीला टर्बो बसवून दाखवते. बसला तर गॅरेज माझं, परत विषय काढायचा नाही. ब्लॉक फुकट गेला तर किल्ली तुझी."

"आणि बाबा नको म्हणायचे ते?"

"ते बऱ्याच गोष्टींना नको म्हणायचे. तुझ्या लग्नालाही म्हणाले होते."

साहेब गप्प. असा तो वर्षातून दोनदा होतो.

आता टर्बोचं थोडं समजून घ्या. इंजिनात जादा हवा कोंबून त्याचा जोर वाढवणारा हा भाग. तो भयानक वेगानं फिरतो, म्हणून त्याला सतत तेल लागतं. तेल देणारी नळी जोडणं सोपं. पण ते तेल खालून इंजिनात परत यायला ब्लॉकला भोक लागतं. बाबांच्या गाडीला टर्बो नव्हता, म्हणून भोकही नव्हतं. त्या जागी नुसता एक गोल उंचवटा. टर्बोवाल्या गाडीचा ब्लॉक त्याच साच्यातला, फक्त तिथं कारखान्यानं भोक पाडलेलं असतं.

बाबा म्हणायचे, "कारखान्यानं पाडलं नाही, म्हणजे त्यांना नको होतं. तिथं हात लावायचा नाही."

साचा एकच आहे हो, असं म्हटलं की ते रेडिओ मोठा करायचे.

तर मंगळवार. गाडी खड्ड्यावर. खालचा तेलाचा चेंबर काढलेला. आत कीस पडू नये म्हणून खालून फडकी कोंबलेली, ड्रिलला ग्रीस फासलेलं. साहेब वर स्टुलावर पाय हलवत बसला होता. स्टूल कुईकुई वाजत होतं.

भोक पडलं. सरळ, स्वच्छ. बिडाचा काळा कीस ग्रीसला चिकटून बाहेर आला.

"झालं?" साहेबानं विचारलं.

"अर्धं. आता आटे."

हा टॅप निमुळता असतो. टोकाला बारीक, वर जाड. जितका आत जाईल तितकं भोक मोठं. मला बारा वळणं हवी होती. अकरात नळीची जोडणी पुरती बसणार नाही. तेरात सैल होऊन तेल गळणार. आणि मोठं झालेलं भोक लहान करायचं हत्यार अजून निघालेलं नाही.

मोजायला कुणी नव्हतं. स्वतःच मोजत सुरुवात केली.

एक. दोन.

बाबांचा टॅप. बाबांची मूठ, त्यांच्या अंगठ्यानं झिजलेली.

तीन.

स्टूल वाजायचं थांबलं... साहेबाचा फोन आला असणार. रस्त्यावरून त्याचं हसणं ऐकू आलं.

चार.

वेल्डरचं घोरणं थांबलं...

मग पंखा. पंखा फिरत होता. मला त्याची पाती दिसत होती.

पण आवाज नव्हता.

मी पुढचं वळण द्यायला मूठ दाबली... आणि टॅप मागे आला.

कीस तुटावा म्हणून टॅप जरासा मागे घ्यायचाच असतो. पण तो मी घेते. या वेळी मी घेतला नव्हता. कुणीतरी समोरून मूठ धरावी आणि "नको" म्हणून ढकलावी, तसा तो माझ्या हातात फिरला.

मी दाबला. तो मागे.

पुन्हा दाबला. पुन्हा मागे.

अंगाला घाम फुटला. आणि त्या झटापटीत माझा आकडा गेला. पाच झाले की सहा?

किल्ली, गॅरेज, अठरा वर्षं... सगळं त्या एका आकड्यावर अडकलं होतं, आणि तो मला आठवत नव्हता.

तेवढ्यात... माझ्या मागे, तिसऱ्या पायरीवर, डब्याचा पत्रा वाजला.

कुणी बसलं की वाजतो, तसा.

तो डबा अजून तिथंच असतो. मीच उचललेला नाही.

मी वळले नाही. घाबरले होते का? होते. पण त्याहून जास्त चिडले होते. जिवंतपणी टॅप धरू दिला नाही, आणि आता मेल्यावरही?

"बाबा, हात काढा," मी म्हणाले. मोठ्यानं. "अठरा वर्षं मी मोजलं. आज तुम्ही मोजा."



टॅप हलका झाला. मी वळण दिलं. तो लोण्यात जावा तसा गेला.

आणि मागून...

"सहा."

बाबांच्या पुढच्या दातांत फट होती. 'स' म्हणताना बारीक शीळ यायची.

ती शीळ आली.

 माझे हात थांबले नाहीत, हे मी लिहून ठेवते.

"सात."

"आठ."

नववं वळण देताना साहेब परत आला. खड्ड्याच्या काठावरून वाकून म्हणाला, "ताई, स्पीकरवर कोण आहे गं?"

मी वळण पुरं केलं.

"नऊ."

साहेबानं पायरीकडं पाहिलं. काय दिसलं ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही. फोन त्याच्या हातातून खड्ड्यात पडला, तो घ्यायलाही तो उतरला नाही. निघून गेला.

दहा. अकरा. बारा.

मी थांबले. टॅप बाहेर काढला. जोडणी हातानं लावली, मग पान्यानं आवळली. घट्ट. हवी तिथंच.

पंख्याचा आवाज परत आला. वेल्डरही घोरू लागला.

गाडी आजही चालते. तेलाचा थेंब गळत नाही. साहेबानं किल्ली पुन्हा मागितली नाही. तो आला तरी फाटकाबाहेरून हॉर्न वाजवतो. लोक आता ब्लॉक घेऊन येतात, आणि "कुणी आहे का?" असं विचारत नाहीत.

इथं संपलं असतं, तर मी लिहिलंच नसतं.

दोन दिवसांनी एका गाडीच्या साध्या पट्टीला आटे पाडायचे होते. टॅप वेगळा, गाडी वेगळी, जागा टेबलाजवळ, खड्ड्यापासून लांब. पहिलं वळण दिलं.

"तेरा."

तेव्हा लक्षात आलं...

मी त्यांना मोजा म्हणाले होते. किती, ते सांगायचं राहिलं होतं.

तेव्हापासून चार महिने, मी देते त्या प्रत्येक वळणाला आकडा येतो. थांबले की थांबतो. टॅप हातात धरलाच नाही, तर आवाजच नाही. म्हणजे उपाय अगदी सोपा. हात लावायचा नाही. बाबांना हवं होतं तेच!

मी लावते. रोज लावते. सवयही झाली होती. दोनशेला हसायला आलं. तीनशे अकराला मी मुद्दाम थांबले, म्हटलं, आता तरी हसतील. हसले नाहीत.

मग हा शनिवार. एका गिऱ्हाइकाचा ब्लॉक, तेच काम, टर्बोच्या तेलाचं भोक. दहा वळणं नेहमीसारखी गेली. अकराव्याला...

"नऊशे... सदतीस."

हळू.

मी समजले, मला भास झाला. बारावं दिलं.

"नऊशे...... अडतीस."

त्याहून हळू.

या ब्लॉकची जोडणी जरा जाड, तेरा हवी होती. एक बाकी होतं. मी टॅप तिथंच ठेवला आणि वर आले. पळाले म्हणा. कबूल आहे.

साहेबाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. वर्षातला हा दुसरा.

"ताई, ते एक वळण दुसऱ्या कुणाकडून देऊन घे ना."

"माझ्या गॅरेजमध्ये?"

"ऐक माझं. शेवटचे तीन हळू असतात. दोन झाले. तिसऱ्याबरोबर तूच संपलीस तर?"

"मला मोजता येतं रे."

आज मंगळवार. सुट्टी. सव्वादोन वाजत आलेत. टॅप खाली ब्लॉकमध्येच आहे, मूठ लावलेली. तिसऱ्या पायरीवर कुणी नाही, आत्ताच पाहून आले. वेल्डरचं घोरणं मात्र मघापासून ऐकू येत नाहीये... तो दारातच झोपलाय, तोंड उघडं आहे.

हे पानावर टाकून मी खाली जाणार आहे. दुसऱ्या कुणाला बोलावणार नाही.

फक्त या वेळी नियमानं जाणार. मूठ धरायच्या आधी मोठ्यानं सांगणार, किती ते. आकडाही ठरवलाय. बाबा, एक लाख.

ऐकतील का, ठाऊक नाही.

आयुष्यात माझं एकदाही ऐकलं नव्हतं.